रुतलेल्या चाकाचा न्याय

कर्णाचे रथचक्र भूमीत रुतले तेव्हा त्याने धर्माची दुहाई देऊन अवधी मागितला, आणि कृष्णाने त्यास द्यूतसभेचे व अभिमन्युवधाचे स्मरण दिले. परंतु ज्याच्या हातून पूर्वी कोणताच अधर्म घडला नाही, त्याचे चाक रुतले तर काय, हा प्रश्न त्या उत्तराने मिटत नाही. गो-कार्टच्या हौशी शर्यतींत तो नित्य उभा राहतो: चिठ्ठीने वाट्यास आलेल्या भाड्याच्या गाडीची साखळी ऐन वळणावर निसटते, आणि चालक हात उंचावून कडेला बसून राहतो. स्वतःच्या गाडीची निगा हा कौशल्याचाच अंश होय. येथे मात्र यंत्राच्या दोषाची शिक्षा चालकास देणे मला सरासर अन्याय वाटते. तथापि शर्यत नव्याने लावणे म्हणजे आघाडीवाल्याची कमाई जप्त करणे. सबब शेवटच्या पूर्ण फेरीतील अडलेल्या चालकाचा क्रमांक दप्तरी कायम धरावा, असा ठराव पंचांनी शर्यतीपूर्वीच सर्वांसमक्ष करावा.