घरटी एक माणूस

पनवेलजवळच्या रोडपालीतल्या एका सोसायटीच्या कमिटीची पाच वर्षांची मुदत संपली आणि नव्या कमिटीसाठी एकही अर्ज आला नाही. अडीचशेपर्यंत सभासद असलेल्या गृहनिर्माण संस्थेला आपली निवडणूक आपणच घेता येते. २०१९ साली सहकार कायद्यात अशा संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं, तेव्हापासून ही मोकळीक आहे. इथं तर सभासद बत्तीस. जागा अकरा. तेवढे अर्ज आले असते तर मतदानाचीही गरज पडली नसती.

म्हणून सप्टेंबरातल्या रविवारी, वार्षिक सर्वसाधारण सभेत, मावळत्या अध्यक्षांनी विषय काढला. त्यांना सगळे मास्तर म्हणत. सभा पार्किंगमध्ये होती. गणपूर्ती नाही म्हणून अर्धा तास तहकूब करून ती पुन्हा सुरू केलेली. तेरा माणसं, त्यांतली चार मोबाइलमध्ये.

"माझं वय झालं," मास्तर म्हणाले. "सेक्रेटरींनाही झेपत नाही. उपनिबंधकांना पत्र लिहू या. प्रशासक नेमा म्हणू."

सभेला एकदम हुशारी आली. सरकारी माणूस येणार, हिशेब तोच बघणार, थकबाकीदारांना नोटिसा तोच काढणार, कुणाशी वाईटपणा घ्यायला नको. तिसऱ्या मजल्यावरचा इंजिनियर मुलगा तर उत्साहानं बोलायलाच लागला. केंद्रात जुलै २०२१ पासून सहकाराचं स्वतंत्र मंत्रालय आहे, गावोगावच्या विकास सोसायट्यांचे हिशेब संगणकावर चालले आहेत, २०२५ हे तर संयुक्त राष्ट्रांनी आंतरराष्ट्रीय सहकार वर्ष म्हणून पाळलं. "सरकार सहकाराच्या मागे एवढं उभं आहे," तो म्हणाला, "तर आपण कशाला डोकं शिणवायचं?"

त्याची माहिती खरी होती. सरकारनं यातलं बरंच केलं आहे आणि त्यातलं पुष्कळ चांगलं आहे. भांडणांत अडकलेल्या सोसायटीला प्रशासकाचा आधार होतो, हेही खोटं नाही. घोटाळा झाला तो त्याच्या शेवटच्या वाक्यात.

एसटीतून निवृत्त झालेले वाहक काका मागच्या खुर्चीवरून म्हणाले, "पनवेलची कर्नाळा बँक विसरलात काय? ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तिचा परवाना काढला. त्याच्या आदल्याच वर्षी ठेवींचा विमा एक लाखाचा पाच लाख झाला होता, म्हणून बहुतेक लहान ठेवीदार तरले. पण पाच लाखांच्या वर ज्यांचे होते, ते बसले वाट बघत. सरकारनं विमा दिला. पण बँक पोखरली जात होती, तेव्हा सभासदांनी अहवाल उघडून बघितला होता का?"

"म्हणूनच प्रशासक पाहिजे," कुणीतरी म्हणालं, आणि ठराव लिहायला सेक्रेटरींनी वही ओढली.

तेव्हा आजी बोलल्या. तळमजल्याचा फ्लॅट त्यांच्या नावावर, म्हणून सभेला त्या स्वतः येत. सासर रोडपालीचं, माहेर पेणकडच्या खारेपाटातलं. ही इमारत ज्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर उभी आहे, तो सिडकोनं घेतलेल्या भातशेताच्या बदल्यात त्यांच्या घराला मिळालेला. जमिनी गेलेल्या शेतकऱ्यांच्या जासईच्या १९८४ च्या आंदोलनात पाच माणसांचे जीव गेले, त्यानंतर हाती आलेला हा हक्क. म्हणून या इमारतीतली वीट ढासळली तरी आजींना ती आपल्याच घरातली वाटते.

"मास्तर, वर टाकीला चीर परली हाय," त्या म्हणाल्या. "तो सरकारी मानूस ती बघाला जिना चरल काय?"

सगळे हसले. आजी हसल्या नाहीत. त्यांनी माहेरची गोष्ट सांगितली.

खाडी आणि भातशेत यांच्यामध्ये मातीचा बांध असायचा. बांध राखायचं काम सगळ्या शेतकऱ्यांचं मिळून. त्या व्यवस्थेला जोळ म्हणत. उन्हाळ्यात घरटी एक माणूस बांधावर. फावड्यानं चिखलाच्या ढेपा कापायच्या, रांगेनं हातोहात द्यायच्या, पायानं तुडवून बसवायच्या. न येणाऱ्याला दंड. पण खरी कसोटी उधाणाची. अमावास्येच्या भरतीला वारा सुटला की रात्री माणसं कंदील घेऊन बांधावर फिरायची. खेकड्यानं केलेलं भोक बोटाएवढं असतं. त्यातून पाण्याची धार लागली की पहाटेपर्यंत तिथं बैल जाईल एवढी खांड पडते. आजी लहान असताना त्यांच्या वडिलांनी अशा एका भोकाशी कमरेएवढ्या चिखलात उभं राहून हाका मारल्या होत्या. मेढी, पेंढा, माती घेऊन सगळं गाव धावलं, म्हणून शेतं वाचली. खारं पाणी आत शिरलं असतं तर पुढची दोन-तीन वर्षं भात पिकलं नसतं.

मग सरकारला या लोकांची काळजी वाटली. १९४८ साली खारभूमीचा कायदा झाला. एकेक बांध सरकारी योजनेत गेला, दुरुस्तीला पैसा आला, ठेकेदार आले, पाणी सोडायच्या नवीन उघाड्या बसल्या. बांध दिसायला पहिल्यापेक्षा रुंद आणि उंच झाला.

"सरकारनी वाईट नाय केला," आजी म्हणाल्या. "पन बांद सरकारचा झाला, मंग मानसा घरान बसली. एके वर्षी उधानान भोक परला. ज्यानी बघितला, त्यानी हाफिसान अर्ज दिला. अर्जाचा जबाब येवाचे आधी खांड गेली." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "जुना बांद बारीक व्हता. पन त्याचेवर रोज कनी ना कनी चालत व्हता."

पार्किंगमध्ये आता कुणी मोबाइल बघत नव्हतं.

वाहक काकांनी विचारलं, "प्रशासकाचं मानधन कोण देतं, मास्तर?"

"सोसायटीच," मास्तर म्हणाले.

इंजिनियर मुलगा उठला आणि काही न बोलता जिन्यानं वर गेला. खाली आला तेव्हा पँटचे गुडघे पांढरे झाले होते. "चीर आहे," तो म्हणाला. "टाकीच्या खालच्या कडेला, वीतभर. सळई दिसतेय. मी दीड वर्ष इथं राहतो, गच्चीवर आज पहिल्यांदा गेलो." मग त्यानं सेक्रेटरींकडे अर्जाचा कोरा नमुना मागितला.

त्या दिवशी अकरा अर्ज काही भरले नाहीत. सात भरले. दुसऱ्या मजल्यावरच्या नर्स ताईंनी महिलांच्या राखीव जागेवर नाव दिलं, तेही रात्रपाळी सांभाळून जमेल तेवढंच करीन असं स्पष्ट सांगून. प्रशासकाचा ठराव मागे पडला. दोन सभासद चिडून निघून गेले; त्यांच्याकडे मेंटेनन्सची थकबाकी होती आणि नोटीस आता शेजाऱ्याच्याच सहीनं येणार होती.

सभा उठता उठता ताईंनी लेखापरीक्षणाचा अहवाल मागितला. मास्तरांना कपाटाची किल्ली सापडेना, मग सापडली. अहवालाची तीन वर्षांची पाकिटं तशीच होती, एक तर फोडलेलंही नव्हतं. ताईंनी ते फोडलं, चष्मा लावला आणि पहिला शेरा मोठ्यानं वाचला: सिंकिंग फंडाची रक्कम स्वतंत्र गुंतवलेली नाही.

"मग ती आहे कुठं?" आजींनी विचारलं.

सेक्रेटरींनी खुर्ची पुन्हा पुढे ओढली आणि खातेवही उघडली.