हिशेब मागणे हा अविश्वास आहे काय?

प्रामाणिक मनुष्यास हिशेब विचारणे म्हणजे त्याच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेणे होय, अशी समजूत आपल्या खेड्यापाड्यांत फार जुनी आहे. वडील भावाने बाजार करून आणिला असता धाकटा भाऊ त्यास पैपैचा हिशेब विचारीत नाही. विचारिलाच तर घर फुटले असे शेजारी म्हणतात. हीच रीत आपण घराबाहेरही नेली आहे. जे ग्रामपंचायतीत निवडून गेले ते गावचे वडील. त्यांस विचारावयाचे कोणी? त्यातून आपण थोडके लोक. आपले पाणी, आपल्या वस्तीचा रस्ता, आपल्या दफनभूमीची जागा, ही सर्व त्यांच्याच हाती. तेव्हा गप्प बसणे हीच नम्रता, असे आपण आपल्या मनास समजावितो. ही समजूत खरी आहे काय, ह्याचा आज विचार करू; आणि प्रारंभ आमच्या स्वतःच्या चुकीपासून करणे योग्य होईल.

काही वर्षांपूर्वी आम्ही एका गावी सेवेत असता पंचायतीचा शिपाई नोंदवही घेऊन आमच्या दारी आला. आदल्या दिवशी ग्रामसभा झाली होती आणि हजेरीच्या सह्या कमी पडत होत्या. आम्ही सभेस गेलो नव्हतो. तथापि शिपाई भला मनुष्य; त्याला उन्हातून रिकाम्या हाती परत का पाठवावे, असे मनाशी म्हणून आम्ही सही केली. सभेत काय ठरले हे विचारिलेदेखील नाही. पुढे दीड वर्षाने आमच्या मंडळीतील एक मुलगा, जो धावण्यात शाळेत पहिला येत असे, आम्हांस म्हणाला, "पाळकसाहेब, शाळेमागच्या व्यायामशाळेचे सामान येऊन वर्ष झाले म्हणतात. आम्हांला तर दाराचे कुलूपच दिसते. आत काय आहे ते तुम्हांला ठाऊक असेल. त्या सभेच्या वहीत तुमची सही आहे ना?"

आम्हांस उत्तर देता आले नाही. आम्ही चोरी केली नव्हती, आणि कोणी केली असे आम्ही आजही म्हणत नाही. परंतु जे आम्ही पाहिले नाही त्यास आम्ही साक्षी राहिलो होतो. खोटी साक्ष केवळ न्यायालयातच दिली जाते असे नाही. ती दाराच्या उंबरठ्यावर, पाहुण्याच्या भिडेस्तवही दिली जाते, हे त्या दिवशी आम्हांस उमगले.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हा पैसा कोणाचा? सरकारचा, असे आपण बोलतो. परंतु सरकारच्या शेतात पैसा पिकत नाही. आपण घरपट्टी भरितो, पाणीपट्टी भरितो, आणि साबणाची वडी विकत घेताना तिच्या किमतीतूनही कर देतो. गावातील दरिद्री विधवाही तो देते. म्हणून जो खर्च करितो तो धनी नव्हे, कारभारी होय. कारभाऱ्यास हिशेब विचारणे हा त्याचा अपमान नसून त्याच्या पदाचा अर्थच आहे. ज्याला कधीच हिशेब द्यावा लागत नाही तो हळूहळू स्वतःस धनी समजू लागतो, आणि त्याचा बिघाड करण्यात आपल्या मौनाचाही वाटा असतो.

देशाच्या कायद्याने हे तत्त्व मान्य केले आहे. १९४९ साली घटना समितीत बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी देशाचे हिशेब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकाचे पद हे राज्यघटनेतील बहुधा सर्वांत महत्त्वाचे पद होय, असा अभिप्राय दिला होता. पुढे ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अंमलात आली आणि ग्रामसभेस घटनेत स्थान मिळाले. पंचायतींकडे सोपविता येतील अशा २९ विषयांची जी यादी तिच्यासोबत जोडिली, तीत पिण्याचे पाणी व रस्ते आहेत, तशीच ग्रंथालये व सांस्कृतिक कार्येही आहेत. आपल्या राज्यातील १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाप्रमाणे आर्थिक वर्षाच्या पहिल्या ग्रामसभेपुढे वार्षिक जमाखर्च आणि लेखापरीक्षकाचा शेरा मांडावयाचा असतो. सभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० ह्यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी आहे. म्हणजे कायद्याने आपणांस बोलाविले आहे. आपणच आपल्या जागी आपली सही पाठवीत आलो.

कोणी म्हणेल, शास्त्र तर अधिकाऱ्यांच्या अधीन राहावयास शिकविते. होय, पण त्याच शास्त्रात योवाश राजाची हकीकत आहे. मंदिराच्या डागडुजीसाठी लोक पैसा देत आणि तो याजकांच्या हाती पडे. तरी राजाच्या कारकिर्दीचे तेविसावे वर्ष उजाडले तोवर डागडुजी झाली नव्हती. याजकांनी पैसा खाल्ला असे तेथे लिहिलेले नाही. एवढेच की पैसा आला आणि भिंत तशीच राहिली. मग झाकणास भोक पाडलेली एक पेटी वेदीजवळ ठेविली गेली आणि राजाचा चिटणीस व मुख्य याजक असे दोघे मिळून पैसे मोजू लागले. पुढे कामकऱ्यांच्या मुकादमांपाशी हिशेब मागत नसत, कारण ते प्रामाणिकपणे वागत, असेही तेथे आहे, आणि हे वाक्य पुष्कळांस आपल्या मौनाचा आधार वाटते. परंतु क्रम ध्यानात घ्यावा. आधी मोजदाद उघड झाली, मग भिंत उभी राहिली, आणि मग विश्वास बसला. पौलानेही दूरच्या गरीब बांधवांसाठी जमविलेली वर्गणी नेताना, कोणी दोष लावू नये म्हणून मंडळ्यांनी निवडलेला सोबती बरोबर घेतला. ज्याचे हात स्वच्छ आहेत त्यालाच उघड हिशेबाचा सर्वांत अधिक लाभ होतो. नाहीतर कुजबुज त्याला आणि चोराला एकाच मापाने मोजिते.

हिशेब उघडपणे वाचिला असता काय घडते, हे राजस्थानातील मजुरांनी दाखवून दिले. तेथील मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर १९९४ पासून गावोगावी जनसुनवाई भरविल्या. कामाची हजेरीपत्रके व बिले चारचौघांत मोठ्याने वाचिली जात. ज्यांनी काम केले नाही अशांची, कित्येकदा मृतांचीही, नावे त्यांत निघाली. १९९६ साली ब्यावर येथे त्या लोकांनी ४० दिवस धरणे धरिले. 'आमचा पैसा, आमचा हिशेब' ही त्यांची घोषणा होती. अशा प्रयत्नांतूनच २००५ साली सबंध देशास माहितीचा अधिकार मिळाला. ज्यांस आपले नाव लिहिता येत नव्हते अशा स्त्रीपुरुषांनी हे काम केले. मग आपण, ज्यांस वाचावयास येते, काय सबब सांगणार?

तरुणांच्या खेळांवर व कलांवर होणाऱ्या खर्चाविषयी तर अधिकच जागे राहिले पाहिजे. तुटलेला पूल सर्वांस दिसतो आणि त्यासाठी गाव ओरडते. पण बंद पडलेल्या वाचनालयासाठी, काट्यांनी भरलेल्या क्रीडांगणासाठी ओरडणार कोण? ज्यांचे नुकसान होते ती मुले मतदार नाहीत, म्हणून ग्रामसभेच्या सभासदही नाहीत. खेळाच्या नावाखाली दुर्बलांचा वाटा कसा जातो, ह्याचे मोठे उदाहरण दिल्लीचे आहे. २०१० साली तेथे राष्ट्रकुल क्रीडास्पर्धा झाल्या. अनुसूचित जातींच्या उन्नतीसाठी राखून ठेविलेल्या निधीतील शेकडो कोटी रुपये दिल्ली सरकारने त्या कामी वळविले होते, आणि हे चुकले असे खुद्द केंद्रीय गृहमंत्र्यांनी त्याच वर्षी राज्यसभेत कबूल केले. स्पर्धांवरील खर्चाचे दोष दाखविणारा महालेखापरीक्षकांचा अहवाल २०११ च्या ऑगस्टात संसदेपुढे आला. तोवर स्पर्धा संपून गेल्या होत्या.

लेखापरीक्षक पावती पाहतो. सामान आले, रक्कम दिली, शिक्का आहे, इतके तो सांगू शकतो. परंतु संध्याकाळी पाच वाजता ते दार उघडते काय, मुलींनाही आत जाता येते काय, आपल्या वस्तीतील पोराला कोणी चेंडू हाती देतो काय, हे त्याच्या कागदावर उमटत नाही. ते गावकऱ्यांसच ठाऊक असते. म्हणून हिशेबाचे प्रश्न तीन आहेत: किती आले, कशावर गेले, आणि कोणाच्या उपयोगी पडले? तिसरा प्रश्न आपण न विचारिल्यास तो कोणीच विचारणार नाही.

विचारावे कसे? सभ्यपणे, उभे राहून, सभेत. पारावर बसून कुजबुज करणे म्हणजे हिशेब मागणे नव्हे. ती निंदा होय. सभेत उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. त्यास १० रुपये शुल्क आहे, दारिद्र्यरेषेखालील मनुष्यास तेही नाही, आणि ३० दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. कामाची पाहणी करण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे. सुवार्तिकांनी निरक्षर बांधवांस असे अर्ज लिहून द्यावे. आणि दुसऱ्यास विचारण्यापूर्वी आपल्या मंडळीच्या नाताळच्या वर्गणीचा जमाखर्च दारावर लावावा. ज्याने आपली पेटी उघडिली नाही त्याने शेजाऱ्याच्या पेटीची किल्ली मागू नये.

त्या व्यायामशाळेचे पुढे काय झाले, हे सांगणे प्राप्त आहे. आम्ही पुढील ग्रामसभेस गेलो. प्रथम आपली चूक कबूल केली आणि मागाहून सामानाची यादी वाचून दाखविण्याची विनंती केली. थोडी कुरबुर झाली. सरपंच मात्र रागावले नाहीत. उलट, इतक्या वर्षांत कोणी विचारिलेच नाही, असे ते म्हणाले. यादी वाचली गेली. सामान बहुतेक सर्व होते. फक्त किल्ली कोणाकडे राहावी हे कधी ठरले नव्हते. महिन्याभरात दार उघडले, आणि आता तेथे मुले जातात.

पण ज्या मुलाने आम्हांस प्रश्न विचारिला तो त्यांत नव्हता. घरच्या अडचणीमुळे तो तोवर आईबापांबरोबर ऊसतोडीस गेला होता. परत आला तेव्हा त्याची शाळा सुटली होती. गळके छप्पर पुढच्या वर्षी शाकारता येते, बुजलेली विहीर पुन्हा उपसता येते. पण मुलाचे पंधरावे वर्ष कोणत्याही अंदाजपत्रकात पुन्हा मांडिता येत नाही. त्याची दीड वर्षे कुलपामागे गेली, आणि त्या कुलपास आमची एक सही होती.

बंधुभगिनींनो, नोंदवही पुन्हा तुमच्या दारी येईल. आणणारा भला असेल, ऊनही असेल. त्यास पाणी द्यावे, बसावयास घोंगडी द्यावी. सही मात्र सभेत जाऊनच करावी.