यंत्राची रीत आणि माणसाची प्रतिष्ठा

संगणकापुढे किंवा मोबाइलपुढे अडखळणाऱ्या वडीलधाऱ्यांना 'तुम्हांला हे जमायचे नाही' असे घरोघरी सहज ऐकविले जाते. या वाक्यात एक निवाडा दडलेला असतो : उणीव यंत्रात नाही, माणसात आहे. हा निवाडा न्याय्य आहे काय, हा प्रश्न आम्हांला नीतीचा वाटतो.

संगणकाशी व्यवहार करण्याच्या रीती अनेक आहेत. १९८१ साली आयबीएम कंपनीच्या संगणकाबरोबर डॉस प्रणाली आली. तिच्यात प्रत्येक आज्ञा आठवून अचूक टंकावी लागे. एक अक्षर चुकले की काम अडे. त्याच वर्षी झेरॉक्सने 'स्टार' व १९८४ साली ॲपलने 'मॅकिंटॉश' हा संगणक आणला. त्यांच्या पडद्यावर कागदांची नि फायलींची चित्रे होती. माउसने हवे त्यावर बोट ठेवावे, एवढेच काम. पहिली रीत स्मरणावर उभी आहे, दुसरी ओळखीवर. स्मरणाहून ओळखणे सोपे असते. उपासनेतील गीताचे दुसरे कडवे आपल्याला आठवत नाही. पण पुस्तक उघडताच शब्द ओठांवर येतात. या दोन क्षणांत आपली बुद्धी बदललेली नसते, फक्त तिला आधार मिळालेला असतो.

मन एका वेळी जेमतेम ७ गोष्टी धरू शकते, असे मानसशास्त्रज्ञ जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली मांडले. पुढील संशोधनाने तर ही मर्यादा ४च्या आसपास आणली. वयोमानाने ही धारणशक्ती क्षीण होते. शब्दसंपदा आणि अनुभवाचे शहाणपण मात्र बहुधा टिकून राहते. म्हणजे ज्याला यंत्र 'नापास' ठरविते, तो अडाणी असतोच असे नाही. यंत्राने त्याची केवळ दुबळी बाजू तपासलेली असते.

चित्रे आली म्हणून सर्वांचा प्रश्न सुटला, असेही नव्हे. अंध व्यक्तीसाठी नाव न दिलेले चित्र मुके असते. लिखित शब्द मात्र संगणक तिला वाचून दाखवू शकतो. दूरध्वनीवर 'अमुकसाठी १ दाबा, तमुकसाठी २ दाबा' अशी लांबलचक यादी ऐकताना शेवटापर्यंत आरंभ विसरतो. उलट, सराईत माणसाला लिखित आज्ञाच जलद वाटते. एकच दार सर्वांना पुरत नाही.

कोणी म्हणेल, माणसानेही शिकण्याचे कष्ट घ्यावेत. हे आम्हांला मान्य आहे. कष्ट हा सद्गुणच होय. परंतु पेन्शन आणि बँक यंत्राच्या आड जाऊन बसतात, तेव्हा शिकणे ही निवड उरत नाही, सक्ती होते. म्हणूनच रिझर्व्ह बँकेने २०२२ साली साध्या फोनवरून पैसे देण्याची 'यूपीआय १२३पे' ही सोय खुली केली, ती आम्हांला सोयीपेक्षा न्यायाची बाब वाटते.

शब्बाथाच्या वादात प्रभू येशूने नियमापेक्षा माणसाला श्रेष्ठ मानले. यंत्रालाही तीच कसोटी लागू आहे. यंत्रे घडविणे आपल्या हाती नाही. पण आजोबांच्या शेजारी बसून, त्यांच्या हातून मोबाइल हिसकावून न घेता, तीच गोष्ट तिसऱ्यांदा शांतपणे दाखविणे आपल्या हाती निश्चित आहे.