नित्यकर्म आणि गंज

कोल्हापूरहून रत्नागिरीकडे जाताना मलकापूर मागे पडले आणि आंब्याचा घाट जवळ आला म्हणजे श्रावणाच्या दिवसांत एका प्रहरात तीन ऋतू अंगावरून जातात : पठारावर कोवळे ऊन पसरलेले असते, घाटमाथ्यावर पुढचे वळण दिसू नये इतके धुके दाटलेले असते, आणि साखरप्याच्या अंगाने उतार लागला की पाऊस असा झोडपू लागतो की मघाचे ऊन आपणच पाहिले होते यावर विश्वास बसू नये. या किंवा अशाच एखाद्या रस्त्याने मोटारसायकलवरून रोज पोटापाण्यासाठी जा-ये करणारा जो शिक्षक, जो तलाठी किंवा जो औषधांचा फिरता विक्रेता असेल, त्याला घरी परतल्यावर एक काम टळत नाही. मडगार्डच्या आत बसलेला जांभ्याचा तांबडा चिखल सोडवायचा, आरे पुसायचे, चेनवरची वाळू रॉकेलच्या फडक्याने काढून तीत जाड तेल सोडायचे, क्लचची तार आणि ब्रेकची दांडी मोकळी चालते की नाही ते पाहायचे. आणि दुसऱ्या दिवशी त्याच घाटातून उतरल्यावर या साऱ्या श्रमाची खूण म्हणून काहीही शिल्लक उरत नाही. ज्या कर्माने जगात कोणतीही नवी वस्तू निर्माण होत नाही, कर्त्याच्या पदरी काही जमा होत नाही, आणि जे उद्या मुळापासून पुन्हा करावे लागणार हे करतानाच ठाऊक असते, त्या कर्माला अर्थ कोणता, हा प्रश्न त्या मनुष्याला अंगणात उकिडवे बसल्या बसल्या पडतो, आणि तो क्षुल्लक आहे असे मला वाटत नाही. आपल्या शास्त्रकारांनी हाच प्रश्न अग्निहोत्राविषयी विचारला होता, आणि त्यावर शतकानुशतके वाद घातला होता.

मीमांसकांनी कर्माचे जे वर्ग पाडले त्यांत स्वर्गादिकांच्या इच्छेने करावयाचे ते काम्य, पुत्रजन्म किंवा ग्रहण अशा निमित्ताने प्राप्त होणारे ते नैमित्तिक, आणि सकाळ-संध्याकाळ, आयुष्य आहे तोवर, इच्छा असो वा नसो, करावयाचे ते नित्य. या तिसऱ्याचे परंपरेने सांगितलेले लक्षण असे की, ते केल्याने काही नवे फळ मिळत नाही, पण न केल्याने प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. जमिनीचा धारा वेळेवर भरणाऱ्या खातेदाराला सरकार बक्षीस देत नाही, पण थकवणाऱ्यावर मात्र तगादा आणि पुढे जप्तीचा हुकूम निघतो, तशीच ही व्यवस्था वरवर पाहता दिसते. आणि धर्माच्या प्रांतात असला रुक्ष व्यवहार पाहून पुष्कळ सहृदय माणसांचे मन विटते.

शंकराचार्यांनी यावर जो आक्षेप घेतला तो गीताभाष्यात आणि तैत्तिरीयभाष्यात सापडतो, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. न करणे हा केवळ अभाव आहे. अभावातून पापासारखा भावरूप पदार्थ कसा उत्पन्न होईल? नित्यकर्म न करणाऱ्याला जे भोगावे लागते ते पूर्वसंचित दुरिताचे फळ होय. न करणे हे त्या दुरिताचे केवळ गमक आहे, जनक नव्हे, असा त्यांचा आशय. हा युक्तिवाद ज्याला सूक्ष्म आणि म्हणून शुष्क वाटत असेल त्याने पावसाळ्यात आठ-पंधरा दिवस उपेक्षिलेली चेन हातात घेऊन पाहावी. तिच्यावरचा गंज आपण पुसली नाही म्हणून उत्पन्न झाला काय? आपल्या न पुसण्यात गंज निर्माण करण्याचे काहीच सामर्थ्य नव्हते. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू ही तिन्ही कारणे आधीच तेथे हजर होती, आणि रत्नागिरीच्या किनाऱ्यावर समुद्राची खारी हवा त्यांच्या कामाला वेग देते. याहून मागे जाऊन पाहिले तर असे दिसते की, लोखंड खाणीतून निघते तेच मुळी बहुधा प्राणवायूशी बद्ध अशा खनिजाच्या रूपाने; भट्टीत प्रचंड उष्णता खर्चून आपण ते बंधन तोडतो, आणि पहिला ओलावा मिळताच ते आपल्या मूळ अवस्थेकडे निघते. म्हणजे गंज हे लोखंडाचे खरोखरीच पूर्वसंचित आहे. ॲल्युमिनियमवरही हवेचा परिणाम होतो, परंतु तेथे धरलेले पातळ आवरण धातूला घट्ट बिलगून त्याचेच रक्षण करते. लोखंडाचा गंज सच्छिद्र आणि ठिसूळ, त्याच्याआड पाणी दडते आणि खालचा थर पोखरला जातो. चकाकणाऱ्या क्रोमच्या मुलाम्यालाही डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात, आणि रिमच्या कडेला प्रथम जे तांबूस ठिपके उठतात ते तेथूनच.

आचार्यांचा आक्षेप मान्य केला म्हणजे नित्यकर्माचे मूल्य कमी होत नाही, उलट त्यावरचा धाकाचा रंग तेवढा पुसला जातो, असे माझे मत आहे. दोष कोणी वरून लादत नाही. पदार्थाच्या स्वभावात जे आधीच चालू आहे ते आजच्या दिवसापुरते थोपवून धरणे, एवढेच नित्यकर्माचे काम. कुमारिलाच्या संप्रदायात नित्यकर्माने पूर्वीचे दुरित क्षीण होते असे मानतात, तर प्रभाकराचे अनुयायी म्हणतात की विधी पाळणे हेच त्याचे प्रयोजन, दुसरे फळ शोधूच नये. गाडीपुरते बोलायचे तर कारणाच्या बाबतीत मी कुमारिलाकडे झुकतो, परंतु वृत्तीच्या बाबतीत प्रभाकराचा पक्ष मला अधिक उदात्त वाटतो. कारण जो केवळ गंजाच्या भयाने चेन पुसतो तो, कोरड्या हवेचे चार दिवस आले की, पुसणे सोडतो, आणि अशाच ऊनपावसाच्या दिवसांत पाणी कुठे मुरले ते कळत नाही.

शिवाय या कर्माचा संबंध केवळ त्या लोखंडाशी नाही. ओढ्यातून गाडी काढल्यावर ब्रेकच्या ड्रममध्ये पाणी शिरते, लायनर ओले होतात, आणि ब्रेक दाबला तरी क्षणभर काहीच पकडत नाही. म्हणून अनुभवी स्वार पुढे काही अंतर ब्रेक हलका धरून सावकाश जातो, म्हणजे घर्षणाने ते सुकतात. हा जो क्षण त्याने आधीच भरून काढलेला असतो, तो पुढच्या वळणावर डोक्यावर इरले घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या म्हातारीच्या हिशेबी जमा होतो, आणि तिला त्याची वार्ताही नसते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 साली प्रसिद्ध झालेल्या गीतारहस्यात टिळकांनी लोकसंग्रहावर जो भर दिला, त्याचे याहून साधे आणि याहून अचूक उदाहरण मला ठाऊक नाही.

दमल्या-भागल्या माणसाला मात्र हे सारे ऐकून धास्ती वाटणे साहजिक आहे. रात्री उशिरा, नखशिखांत भिजून परतलेल्याने चेन, आरे, तारा, सारे यथासांग करायचे की काय? येथे मीमांसकांची दयाळू बाजू दिसते. जैमिनीच्या सहाव्या अध्यायातला निर्णय असा आहे की, काम्य कर्माची सर्व अंगे पूर्ण झालीच पाहिजेत, एरवी फळ नाही. परंतु नित्यकर्म यथाशक्ति करावे, त्यातले एखादे अंग राहिले तरी ते घडलेच. म्हणून त्या रात्री चिखल राहू द्यावा. गाडी पडवीत घ्यावी, चेनवर तेलाचे चार थेंब सोडावेत आणि झोपावे. शक्ती असताना केलेली कुचराई मात्र या मुभेत बसत नाही.

आणखी एका गोष्टीचा विचार मला सोडत नाही. मृगाच्या पहिल्या सरींनंतर संध्याकाळी पंखवाल्या वाळव्या दिव्याकडे झेपावतात, रस्त्यावर बेडूक उतरतात, आणि सकाळी दिव्याच्या काचेवर व टाकीच्या पुढच्या अंगावर शेकडो मेलेले जीव चिकटलेले आढळतात. चूल, जाते, केरसुणी, उखळ आणि पाण्याचा घडा ही गृहस्थाच्या घरातली पाच हिंसास्थाने होत, आणि त्यांच्या निष्कृतीसाठी रोजचे पंचमहायज्ञ आहेत, असे मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सांगितले आहे. केवळ जगण्यानेच, कोणतेही वैर नसताना, आपल्या हातून रोज प्राणहानी होते, हे त्या विधानामागचे सत्य मी कधी नाकारू शकलो नाही. ती काच ओल्या फडक्याने पुसताना ते जीव नजरेस पडतात. घाईत पाण्याचा जोरदार फवारा मारून गाडी धुववून घेणाऱ्याला ते दिसत नाहीत, आणि तोच फवारा चाकाच्या बेअरिंगात शिरून ग्रीसही धुऊन नेतो.

खंडेनवमीला गाडी धुऊन, झेंडूची माळ घालून, हळदकुंकू वाहून आपण तिची पूजा करतो, ही वहिवाट मला मनापासून प्रिय आहे. पण ते नैमित्तिक कर्म होय, आणि नैमित्तिकाने नित्याची थकबाकी फिटत नाही.

तर मग हे कर्म कधीच सुटत नाही काय? संन्याशाला अग्निहोत्र नाही. पण संन्यास घेताना तो अग्नीचा विधिपूर्वक आत्म्यात समारोप करतो, अग्नी घरात ठेवून त्याकडे पाठ फिरवीत नाही. अग्नी ठेवूनही त्याची सेवा टाकणाऱ्याला श्रुतीने क्षमा केलेली नाही. पावसाळाभर गाडी वापरायची नाही असे ठरवून तिच्यावर प्लास्टिकचे कापड घट्ट बांधून ठेवणारे पुष्कळ आहेत, आणि कापडाखाली कोंडलेल्या ओलाव्याने तिची जी अवस्था होते ती उघड्यावरच्या गाडीहून वाईट असते. ज्याला ती खरोखर विसाव्याला ठेवायची असेल त्याने टाकी काठोकाठ भरावी, म्हणजे आतल्या रिकाम्या पत्र्यावर दव धरत नाही; कार्बोरेटर रिकामा करावा, बॅटरीची जोडणी सोडावी, प्लग काढून सिलिंडरात थोडे तेल सोडून किक हळूच फिरवावी, आणि हवा खेळेल अशा सुती कापडाने ती झाकावी. आणि ज्याला ती सोडूनच द्यायची असेल त्याने विकून टाकावी, व घेणाऱ्याला कागदपत्रांबरोबर चेनला तेल शेवटचे केव्हा घातले तेही सांगावे. कारण त्या दिवसापासून अधिकार आणि प्रत्यवाय हे दोन्ही त्याच्या नावावर चढतात.