उंचीचं परिमाण

भिवंडीहून वाड्याकडे जाणारा रस्ता ज्याने भर पावसात पाहिला आहे, त्याला गाडी उंच करून घ्यावीशी का वाटते, हे वेगळं सांगावं लागत नाही. गोदामांकडे निघालेल्या कंटेनरांच्या रांगा, पाण्याने भरलेले खड्डे आणि त्यांची खोली सांगणारं काहीच नाही. अशा रस्त्यावर नवी थार घेतलेला माणूस लिफ्ट किटची आणि 33 इंची टायरची चौकशी करू लागतो. प्रश्न गॅरेजचा दिसतो, पण त्याखाली धर्मविचारातला एक मोठा प्रश्न आहे. संसारी माणसाने इच्छेला किती जागा द्यावी, आणि ती सीमा कधी आखावी?

भिवंडीत हालारी विसा ओसवाळ समाज मोठा आहे, आणि जैन परंपरेने या प्रश्नाचा विचार विलक्षण तपशिलात केला आहे. साधूने सर्वस्व सोडावं. गृहस्थासाठी मात्र अणुव्रतं आहेत. त्यांतलं पाचवं परिग्रह-परिमाण. धन, धान्य, जमीन, वस्तू यांची मर्यादा गृहस्थाने स्वतःच आधी ठरवायची. दिग्व्रत तर आणखी पुढे जातं. कोणत्या दिशेला किती दूर जायचं, याचीही सीमा त्यात घालतात, आणि त्या दिशांमध्ये वर आणि खाली यादेखील येतात. दिगंबर आणि श्वेतांबर दोघेही मानतात त्या उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात या व्रताचे दोष मोजले आहेत. वरची सीमा ओलांडणं हा एक दोष, ठरवलेलं क्षेत्र मागाहून वाढवणं हा दुसरा, आणि सीमा कुठे होती हेच विसरून जाणं हाही दोषच.

शेवटचे दोन दोष लिफ्ट किट घेणाऱ्याने नीट पाहावेत.

2020 साली आलेल्या थारच्या वरच्या प्रकारांत 255/65 आर18 मापाचे टायर येतात. त्यांचा व्यास सुमारे 789 मिलिमीटर. 33 इंची टायर 838 मिलिमीटरचा. म्हणजे फरक 49 मिलिमीटरचा, पण अॅक्सल वर येतो त्याच्या निम्माच, जेमतेम 25 मिलिमीटर. सस्पेन्शन लिफ्टने गाडीचा सांगाडा उचलला जातो. मागच्या सलग अॅक्सलवरचा डिफरन्शियलचा गोळा होता तिथेच राहतो. दगड आधी त्यालाच लागतो. डिफरन्शियल वर नेतो तो टायर. लिफ्ट फक्त त्या टायरला घासण्यापासून वाचवणारी जागा देते.

आणि मग मागण्यांची साखळी सुरू होते. नुसता स्पेसर घातला तर खर्च कमी, पण स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बर जुनेच राहतात आणि चाकाला खाली जायला वाव कमी उरतो. स्प्रिंग उंच घेतली तर तिला जुळणारे शॉक हवेत. पुढचं सस्पेन्शन स्वतंत्र असल्याने ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यांवर ताण येतो, अलाइनमेंट पुन्हा करावं लागतं, ब्रेकच्या नळ्या पुरतात का तेही पाहावं लागतं. मोठ्या जड चाकाला थांबवताना ब्रेकवर जास्त भार येतो. वेगाचा काटा अचूक असलेल्या गाडीत तो ताशी 80 किलोमीटर दाखवत असताना खरा वेग 85 झालेला असतो. यंत्रमागावर फणी बदलली की ताण्याचा हिशेबही बदलतो, हे भिवंडीला सांगायला नको. दोन इंचांनी सुरू झालेली इच्छा अशी क्षेत्र वाढवत जाते, आणि मूळ गरज काय होती ते हरवतं.

कायद्यानेही इथे रेघ ओढली आहे. मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 नुसार उत्पादकाने दिलेल्या आणि आरसी बुकात नोंदलेल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. जानेवारी 2019 मध्ये केरळातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही मर्यादा ठामपणे सांगितली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. पण कायद्याची रेघ बाहेरून येते. व्रताची रेघ माणूस स्वतः आखतो, म्हणून कोणी पाहत नसतानाही ती टिकू शकते.

या विचाराचा पाया अहिंसा आहे, आणि इथे तो अगदी प्रत्यक्ष आहे. गाडी उंच झाली की गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर ती उलटण्याचा धोका वाढतो. बंपरही वर जातो, बॉनेटसमोरचं लहान मूल दिसेनासं होतं, आणि दिव्यांचा कोन पुन्हा बसवला नाही तर समोरच्या दुचाकीवाल्याचे डोळे दिपतात. ही उंची एकट्या मालकाची राहत नाही. तिची किंमत रस्त्यावरचे इतर लोकही देतात. शिवाय खड्डा आपल्यापुरता ओलांडता आला, तरी पाळी संपवून सायकलवर घरी निघालेल्या कामगारासाठी तो तिथेच असतो. रस्ता दुरुस्त व्हावा म्हणून आग्रह धरणं हे त्या माणसाचं देणं आहे, आणि लिफ्ट किटने ते फिटत नाही.

याचा अर्थ माळशेज घाटातल्या पावसाचा किंवा माहुली गडाच्या पायथ्याच्या चिखलवाटेचा आनंद चुकीचा, असा नाही. गृहस्थाच्या व्रतात आनंदाला जागा आहे. माप आधी ठरलेलं असावं, एवढंच. वर्षातले किती दिवस खरोखर कच्च्या वाटेवर जाणार, ते कागदावर लिहावं. मग उत्पादकाने मान्य केलेल्या मापातलाच, खोल नक्षीचा ऑल-टेरेन टायर पुरतो का ते पाहावं. बहुतेकांना तो पुरतो. चिखलाच्या दिवशी टायरमधली हवा थोडी कमी करावी, म्हणजे जमिनीवरची पकड वाढते. आणि मुंबई-नाशिक महामार्गाला लागण्याआधी ती पुन्हा भरून घ्यावी.