पाच जणांचे बळ

शब्बाथशाळेच्या शिक्षकांपुढे दरवर्षी एक प्रश्न येतो, आणि बहुधा तो प्रश्न आहे असे कोणाला वाटतच नाही. पवित्र शास्त्राच्या प्रश्नोत्तर-स्पर्धेसाठी मंडळीतर्फे पाच मुले पाठवायची असतात. वर्गात वीस मुले आहेत. त्यांतली पाच कोणती? यादी दहा मिनिटांत तयार होते. जी सर्वांत हुशार ती पाच. गेल्या वर्षी तीच होती, पुढच्या वर्षीही तीच असतील. राहिलेल्या पंधरांनी टाळ्या वाजवायच्या. यात काही चुकते आहे काय? दुबळा संघ पाठवणे हा काही सद्गुण नव्हे. देवाच्या कामाला उत्तम तेच द्यावे, असे आपणच वेदीवरून सांगत असतो. मग बलवानांनी बलवानांबरोबर उभे राहण्यात वावगे ते काय?

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मी वाचकांना एका खेळाकडे नेणार आहे. आमच्या कडोलीत मुले कबड्डी आणि क्रिकेट खेळतात; बास्केटबॉल त्यांना दूरदर्शनवरच दिसतो. पण तो खेळ ख्रिस्ती वाचकाला परका वाटण्याचे कारण नाही. डॉ. जेम्स नायस्मिथ हे कॅनडातील माँट्रियलच्या प्रेस्बिटेरियन कॉलेजात ईश्वरविज्ञान शिकलेले गृहस्थ. १८९० साली ते तेथून उत्तीर्ण झाले, आणि सरळ पाळक होण्याऐवजी अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी वाय.एम.सी.ए.च्या शिक्षणसंस्थेत गेले. (पाळकपदाची दीक्षा त्यांना पुढे १९१६ साली मिळाली.) ईश्वरविज्ञानाचा अभ्यास करून व्यायामशाळेत जाणे हे त्यांच्या काही मित्रांना अधःपतनच वाटले असणार, आजही वाटेल. १८९१ च्या डिसेंबरात, बाहेर बर्फ पडत असताना, कंटाळलेल्या आणि थोड्या दांडगट अशा अठरा विद्यार्थ्यांचा वर्ग त्यांच्या हवाली झाला. त्यांनी तेरा नियम लिहिले, गॅलरीच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकवल्या, आणि वर्गाचे नऊ-नऊचे दोन भाग केले.

नऊ-नऊ कशासाठी, याकडे लक्ष द्यावे. नऊ ही संख्या खेळाच्या सोयीची म्हणून निवडलेली नव्हती. वर्गात अठरा जण होते, म्हणून नऊ. बाकावर कोणीच उरला नाही. एका बाजूला पाच खेळाडू हा नियम १८९७ साली पक्का झाला, आणि त्या दिवसापासून या खेळात निवड आली, निवडीबरोबर वगळणे आले.

आपल्या मराठी मंडळ्यांचाही या गोष्टीशी लांबचा संबंध आहे. ज्या अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू केला, त्याच मिशनने १९२७ साली मुंबईच्या नागपाड्यात नेबरहुड हाउस उघडले. रे. क्लिफर्ड मॅनशार्ट तेथे काम पाहत. समाजसेवेचे शिक्षण देणारी टाटांची संस्था १९३६ साली प्रथम त्याच वास्तूत सुरू झाली. याच नागपाड्यात, दाट वस्तीच्या मधोमध, बास्केटबॉल असा रुजला की तेथून देशाच्या संघात खेळाडू गेले. बच्चू खान यांनी गल्लीतली मुले घेऊन त्यांना शिकवले. त्यांच्या हाताखाली तयार झालेले अब्बास मुंतसिर भारताचे कर्णधार झाले आणि १९७० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. आज तेथल्या मैदानाला बच्चू खान यांचे नाव आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. अमेरिकेतील व्यावसायिक संघांच्या संघटनेला एनबीए म्हणतात. वर्षभराचे साखळी सामने संपले की वरच्या संघांची बाद फेरी सुरू होते, आणि त्यात एकाच प्रतिस्पर्ध्याशी सात सामन्यांपर्यंत झुंज चालते. चार जिंकणारा पुढे जातो. आतापर्यंतच्या बाद फेऱ्यांत सर्वांत प्रबळ असे पाच जण कोणते, हा तेथल्या लोकांचा आवडता वाद आहे. अलीकडे त्यासाठी एक हिशेबही ठेवतात. अमुक पाच जण एकत्र मैदानावर असताना आपल्या बाजूने किती गुण झाले आणि समोरच्याने किती केले, त्यांची वजाबाकी. मला या हिशेबातली गंमत अशी वाटते की तो पाचांचा मिळून असतो. त्यातून एकाचा वाटा वेगळा काढू गेले की हिशेब डळमळतो. चेंडू टोपलीत टाकणारा दिसतो. त्याला मोकळी जागा मिळावी म्हणून दुसऱ्याच्या वाटेत खांबासारखा उभा राहून धक्का खाणारा कागदावर येत नाही.

१९६२ चे उदाहरण घ्या. त्या हंगामात विल्ट चेंबरलेनने सामन्यामागे सरासरी ५०.४ गुण केले, आणि २ मार्चला एकाच सामन्यात १०० केले. असा पराक्रम त्यानंतर कोणी केलेला नाही. तरी बाद फेरीत त्याचा संघ बॉस्टन सेल्टिक्सकडून सातव्या सामन्यात हरला. बॉस्टनच्या बिल रसेलचा भर गुण करण्यापेक्षा समोरच्याला करू न देण्यावर होता. त्याच्या तेरा हंगामांत त्या संघाने अकरा वेळा विजेतेपद मिळवले. याच बॉस्टनने २६ डिसेंबर १९६४ रोजी सामन्याच्या आरंभालाच पाचही कृष्णवर्णीय खेळाडू उतरवले. त्या संघटनेत असे पूर्वी घडले नव्हते. एरवी खेळणारा एक गोरा खेळाडू जखमी होता, त्याच्या जागी विली नॉल्स आला, म्हणून ते घडले. वर्णभेद मोडायचा ठराव कोणी केला नव्हता. पाच चांगले खेळाडू हवे होते, इतकेच. उत्तम तेच निवडावे या तत्त्वाच्या बाजूने हा मोठा पुरावा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. गुण पाहून केलेली निवड कित्येकदा माणसाच्या पूर्वग्रहापेक्षा न्यायी असते. आपल्या मंडळ्यांत आडनाव आणि घराणे पाहून जागा दिल्या जातात, तेथे तर नक्कीच.

पण नुसते उत्तम गोळा केल्याने भागत नाही. २००३–०४ च्या हंगामात लॉस एंजेलिसच्या संघात शकील ओनील, कोबी ब्रायंट, कार्ल मलोन आणि गॅरी पेटन असे चार नामांकित एकत्र आले. शेवटच्या दोघांनी तर विजेतेपदाच्या आशेने पगारही पुष्कळ कमी घेतला. अंतिम फेरीत त्यांना डेट्रॉइटच्या बिलप्स, हॅमिल्टन, प्रिन्स आणि दोन वॉलेस या पाचांनी ४–१ असे हरवले. मलोनचा गुडघा दुखावला होता, हेही सांगायला हवे. तरी आपल्या भाषेत एक भेद आहे तो येथे नेमका बसतो. संघ जमवता येतो. पण तो जमावाही लागतो.

सर्वांत प्रबळ पाच म्हणून अलीकडे ज्यांचे नाव घेतात ते गोल्डन स्टेट वॉरियर्सचे: करी, थॉम्पसन, ग्रीन, इग्वोडाला आणि ड्युरांट. २०१७ च्या बाद फेरीत त्या संघाने सतरा सामन्यांपैकी सोळा जिंकले. यांतील इग्वोडालाची गोष्ट मला फार विचार करायला लावते. २०१४ पर्यंत हा खेळाडू आपल्या कारकिर्दीतील प्रत्येक सामन्यात सुरुवातीच्या पाचांत होता. नवे प्रशिक्षक स्टीव्ह कर यांनी त्याला सांगितले, तू आता बाकावर बसून सुरुवात करशील. त्याला ते सोपे गेले नसेल, पण त्याने मान्य केले. २०१५ च्या अंतिम फेरीत संघ १–२ असा मागे पडला, तेव्हा त्याला सुरुवातीपासून उतरवले गेले; संघ ४–२ असा जिंकला, आणि त्या फेरीतला सर्वोत्तम खेळाडू तोच ठरला. ही युक्ती सुचली ती निक युरेन नावाच्या, चित्रफिती तपासत बसणाऱ्या तरुण साहाय्यकाला. कर यांनी त्याचे श्रेय त्याला उघडपणे दिले. २०१७ मध्येसुद्धा इग्वोडाला बाकावरूनच येत असे. म्हणजे जगातले सर्वांत प्रबळ म्हटलेले हे पाच जण बहुतेक सामन्यांत आरंभाला एकत्र उभेच नसत.

ड्युरांटचा प्रश्न अवघड आहे. २०१६ साली वॉरियर्सने साखळीतील ८२ पैकी ७३ सामने जिंकले होते. बाद फेरीत ड्युरांटच्या ओक्लाहोमा सिटीने त्यांना ३–१ असे कोंडीत पकडले, आणि तरी ओक्लाहोमा हरले. (अंतिम फेरीत वॉरियर्सही तसेच ३–१ वरून क्लीव्हलँडकडून हरले, पेरल्याप्रमाणे कापणी झाली म्हणायची.) त्याच जुलैत ड्युरांट आपला संघ सोडून, ज्यांनी हरवले त्यांनाच जाऊन मिळाला. दूरदर्शनच्या नव्या करारामुळे प्रत्येक संघाची पगाराची मर्यादा त्या वर्षी ७ कोटी डॉलरवरून ९ कोटी ४० लाखांवर गेली होती, म्हणून ते शक्य झाले. त्याला जागा करण्यासाठी हॅरिसन बार्न्सला जावे लागले. ओक्लाहोमात काहींनी त्याच्या नावाचे सदरे जाळले.

त्याने पाप केले काय? माझ्या मते नाही. आपण कोठे खेळायचे हे त्या क्षेत्रात येताना खेळाडूला ठरवता येत नाही. संघ त्याला निवडतात. नऊ वर्षांनी एखाद्याने स्वतः ठरवले तर त्याला कृतघ्न म्हणणाऱ्यांनी स्वतःच्या बदल्यांचे अर्ज आठवावेत. शिवाय पुढच्याच उन्हाळ्यात, इग्वोडाला व इतरांना ठेवता यावे म्हणून, त्याने मिळू शकणाऱ्या पगारातून सुमारे ९५ लाख डॉलर सोडले. लोभी माणूस असे करत नाही. आणि तरीही काहीतरी खटकते. जिंकणे इतके निश्चित झाले की हरणाऱ्याला उभे राहायला कारणच उरले नाही. खेळाला, आणि समाजालाही, दुसरी बाजू लागते.

नफ्यावर चालणाऱ्या त्या संघटनेलाही हे कळलेले आहे, याचे मला नवल वाटते. नवे खेळाडू येतात तेव्हा आदल्या वर्षी तळाला राहिलेल्यांना आधी निवडू देण्याचा तेथे नियम आहे. शेवटल्यांना पहिले करण्याची ही व्यवस्था पाहून द्राक्षमळ्याचा धनी आठवतो. अर्थात माणसे ती माणसेच. पहिली निवड मिळावी म्हणून काही संघ मुद्दाम हरतात असा संशय येऊ लागला, आणि १९८५ पासून चिठ्ठ्या टाकण्याची पाळी आली.

आपल्याकडे पैरा करतात. एकेक बैल असलेले दोघे शेतकरी मिळून जोडी करतात आणि आळीपाळीने दोघांची शेते नांगरतात. ज्याचा बैल उमदा आहे त्याने उमदाच जोडीदार शोधला तर त्यात कोणी दोष काढणार नाही. जोड विजोड असली तर दोन्ही जनावरांच्या मानेला त्रास होतो. पण गावातले सगळे उमदे बैल एकमेकांत जोडले गेले, तर म्हाताऱ्या बैलाच्या धन्याचे शेत कोण नांगरणार? हा प्रश्न कोणा एका शेतकऱ्याला विचारता येत नाही. तो गावाला विचारावा लागतो. ड्युरांटवर रागावणारे लोक गावाचा प्रश्न एका माणसाला विचारत होते, असे मला वाटते.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात दावीद सहाशे माणसे घेऊन शत्रूचा पाठलाग करतो. बसोर ओढ्याशी दोनशे जण थकून मागे राहतात. चारशे पुढे जातात, लढतात, जिंकतात आणि लूट घेऊन परततात. तेव्हा त्यांतले काही म्हणू लागतात की या दोनशेंना त्यांची बायकापोरे द्या, लुटीतले काही देऊ नका. हिशेबाने पाहिले तर त्यांचे म्हणणे चूक नव्हते. दावीद ते मान्य करत नाही. लढणाऱ्याला आणि सामानापाशी बसणाऱ्याला सारखा वाटा, असा तो निवाडा देतो, आणि शास्त्र सांगते की तो इस्राएलात कायमचा नियम झाला. दावीद त्या थकलेल्या दोनशेंना लढाईत मात्र ओढत नाही. लढायला चारशेच गेले. निवड झाली, वाटणीत मात्र निवड झाली नाही. एनबीएतही विजेतेपदाची अंगठी पाचांनाच मिळत नाही. बाकावर वर्ष काढलेल्यांना मिळते, कर्मचाऱ्यांनाही देतात.

तेव्हा शब्बाथशाळेच्या शिक्षकांना माझे सांगणे यादी बदला असे नाही. पाच जण पाठवावेतच, आणि तयारीचे पाठवावेत. परंतु त्या पाचांनी उरलेल्या पंधरांबरोबर तयारी केली काय? प्रश्न विचारायला, चुका पकडायला ते पंधरा होते काय? की त्यांना केवळ बसवून ठेवले? पाचवी जागा दरवर्षी वेगळ्या मुलाला देऊन पाहण्यास काय हरकत आहे? इग्वोडाला बाकावर बसला तो उठण्याच्या तयारीने बसला, कारण प्रशिक्षक त्याच्याशी बोलले होते. आपल्या वर्गातल्या सोळाव्या मुलाशी आपण स्पर्धेच्या महिन्यात किती वेळा बोलतो, हे ज्याचे त्याने पाहावे.

‘आणि हरलो तर?’ असे एका शिक्षकाने मला विचारले. हरण्याची शक्यता आहेच. नायस्मिथ पुढे कॅन्सस विद्यापीठात गेले आणि तेथे त्यांनी स्वतः काढलेल्या या खेळाचा संघ सांभाळला. ५५ सामने जिंकले, ६० हरले. त्या विद्यापीठाच्या इतक्या प्रशिक्षकांत जिंकल्यापेक्षा हरलेले सामने जास्त असलेले ते एकटेच आहेत. त्यांचे विद्यार्थी फॉग ॲलन तेथेच मोठे यशस्वी प्रशिक्षक झाले, आणि खेळाच्या इमारतीला ॲलन यांचे नाव आहे. आतल्या मैदानाला नायस्मिथ यांचे आहे.