पुशबॅक

कराड डेपोत वाहक म्हणून उभी नोकरी काढलेल्या तात्यांच्या लेखी जगात दोनच जातीचे प्रवासी होते: सीट मिळालेले आणि न मिळालेले. त्यामुळे विमानाच्या तिकिटावर दोघांचेही सीट नंबर छापलेले पाहून त्यांनी लेकीला फोनवर विचारलं, "म्हणजे सगळ्यांनाच रिझर्वेशन? मग भांडायचं कशावरनं?"

लेक नुसतीच हसली. ती न्यू जर्सीत एडिसनला राहते. बाळंतपण जवळ आलं होतं, म्हणून आईवडिलांना बोलावून घेतलं होतं. मुंबईहून निघायचं ते थेट न्यूअर्क, मध्ये कुठे उतरणं नाही, पंधरा-सोळा तासांचा पल्ला. तिकिटातच सगळं आलेलं: माणशी 23 किलोच्या दोन बॅगा, दोन वेळचं जेवण, मध्ये खाऊ, उशी, पांघरूण. डिंकाचे लाडू, अळीव, मेतकूट आणि बाळासाठी शिवलेली दुपटी भरून काकींनी चारही बॅगा हातकाट्यावर इतक्या वेळा उचलून पाहिल्या की काट्याचा हूक वाकला.

सीट मात्र लेकीनं मोठ्या प्रेमानं निवडली होती. बोइंग 777 मध्ये इकॉनॉमीच्या आडव्या ओळीत बहुतेक कंपन्या हल्ली दहा माणसं बसवतात, तीन-चार-तीन. हेच विमान सुरुवातीला आलं तेव्हा बऱ्याच कंपन्या त्याच रुंदीत नऊ बसवत. दहावा माणूस कुठून आला, हे बाकीच्या नऊ जणांच्या कोपरांना विचारावं. पण शेपटीकडे विमान निमुळतं होत जातं, तिथे शेवटच्या काही ओळींत खिडकीकडची एकेक सीट कमी होते आणि दोघांचीच जोडी उरते. लेकीनं नकाशात अगदी शेवटच्या ओळीतली जोडी पाहिली आणि घेतली. आईला खिडकी, वडिलांना वाटेकडची, मध्ये तिसरं कोणी नाही. त्या ओळीच्या पाठीला लागूनच भिंत आहे, म्हणून तिथली पाठ मागे जात नाही, हे तिनं पाहिलेल्या नकाशात नव्हतं.

विमान उडालं, पट्ट्याचा दिवा विझला आणि तात्यांच्या पुढची सीट एका दमात मागे आली. पुढच्या पाठीवरचा टीव्ही नाकाशी आला. तात्यांनी आपल्या सीटचं बटण दाबलं. पुन्हा दाबलं. मग अंगठ्यानं रेटून दाबलं. काकी म्हणाल्या, "अहो, मोडाल."

शेवटच्या ओळीचं सुख एवढ्यावर संपत नाही. संडास तिथेच. रांगेतला प्रत्येक माणूस तोल सावरायला हात ठेवतो तो तात्यांच्या डोक्यामागच्या उशीवर. जेवणाची गाडी त्या दिवशी पुढून मागे आली, तेव्हा चिकन संपलेलं होतं आणि उरला होता पास्ता. त्याला चव नव्हती, पण यात स्वयंपाक्याला फार बोल लावू नये. विमानातली हवा कोरडी आणि विरळ असते, तिथे जिभेला मीठ आणि साखर कमीच कळतात. काकींनी पिशवीतून लसणाची चटणी काढली तेव्हा पुढच्या दोन ओळींनी माना वळवल्या.

जेवणापुरत्या एअर होस्टेसनी सगळ्यांच्या सीटा सरळ करायला लावल्या होत्या. ट्रे उचलले गेले, दिवे मंदावले आणि पुढची सीट पुन्हा छातीशी आली. तात्यांनी तीस-एक वर्षांचा तो पोरगा खांद्यावर हळूच थोपटून जागा केला.

"बाळा, सीट जरा वर घेशील का? माझी मागं जात न्हाई."

पोरगा पुण्याचा, बोलायला नीट. "काका, मी घेतली असती हो. पण पुढच्यानं माझ्या गुडघ्यांवर टाकलीय. मी सरळ बसलो तर स्क्रीन डोळ्यांत जाते."

ते खरंच होतं. तात्यांनी वाकून पाहिलं. पोराच्या पुढची सीटही पूर्ण मागे आलेली होती.

या तीन-चार इंचांवरून जगात काय काय झालंय ते सांगायला हवं. 2014 च्या ऑगस्टमध्ये न्यूअर्कहून डेन्व्हरला निघालेलं एक विमान मधेच शिकागोला उतरवावं लागलं होतं. एका प्रवाशानं पुढची सीट मागे येऊ नये म्हणून 'नी डिफेंडर' नावाची प्लास्टिकची खुंटी ट्रेच्या दांड्यांना अडकवली, पुढच्या बाईंनी त्याच्या तोंडावर पाणी फेकलं आणि दोघांनाही खाली उतरवलं गेलं. हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिक कंपनीनं यावर उपाय म्हणून मागे पाठच न जाणारी सीट काढून पाहिली होती. तिचं बूड पुढे सरकायचं आणि पाठ जागच्या जागी तिरकी व्हायची. म्हणजे जो आडवा होईल त्याच्याच गुडघ्यांची जागा जायची, मागच्याला काही नाही. प्रवाशांनी इतकी कुरकुर केली की कंपनीला ती सीट बदलावी लागली. माझ्या मते माणसाच्या स्वभावाबद्दल यापेक्षा स्वस्तात कोणी प्रयोग केलेला नसेल.

तर तात्या उठले. लेकीनं बजावलंच होतं, पायांत रक्त साकळतं, अधूनमधून चालत राहा. आणि गाडीत दाटी झाली की मागून पुढे चालत जायचं, हे तर अंगातच मुरलेलं. अर्ध्या अंधारात, मोज्यांतल्या पायांवरून, खाली सांडलेल्या पांघरुणांवरून ते वाटेकडच्या सीटा पाहत निघाले.

ओळीनं सगळ्या मागे पडलेल्या. जे जागे होते त्यांना तात्यांनी विचारलं, झोपलेल्यांना सोडून दिलं. एक गुजराती आजोबा गुजरातीत म्हणाले, पुढच्यानं पाडली म्हणून मी पाडली. एक पंजाबी बाई हिंदीत तेच म्हणाल्या. तेलुगू मुलगी इंग्रजीत म्हणाली, तात्यांना त्यातलं 'फ्रंट' तेवढं कळलं. एका गोऱ्या माणसानं कानातलं न काढता पुढे बोट दाखवलं. चार माणसं, चार तऱ्हा, जबाब एकच. एसटीत पाकीट मारलं गेलं तरी साक्षीदारांचं एवढं एकमत तात्यांनी पाहिलं नव्हतं.

मधल्या भिंतीच्या अलीकडे ओळी संपत होत्या. तिथे पहिल्या ओळीत, जिथे तान्ह्यांसाठी पाळणा अडकवतात, एक बाई सीट पार मागे करून बसली होती. पाळण्याच्या मापाबाहेर गेलेलं वर्षाचं पोर तिच्या छातीवर पालथं झोपलेलं. तिचे डोळे उघडे होते. पोर उठेल म्हणून ती मानही हलवत नव्हती. तात्या तिथे एक शब्द बोलले नाहीत. सगळ्याचं मूळ सापडलं असं समजून मागे वळले आणि वळता वळता थबकले.

तिच्या मागे दुसऱ्या ओळीत एक सरदारजी बसले होते. चांगले सहा फुटांवर उंच. पुढची सीट त्यांच्या हनुवटीला टेकायची बाकी होती, गुडघे तिरके करून वाटेत काढलेले. आणि त्यांची स्वतःची सीट मात्र सरळ.

"आपकी सीट खराब है क्या?" तात्यांनी विचारलं.

"नहीं जी, ठीक है।" सरदारजी हळू आवाजात म्हणाले. अमेरिकेत ट्रक चालवतात, हे पुढच्या दोन वाक्यांत कळलं. तात्या कंडक्टर होते हे तिसऱ्या वाक्यात कळलं, मग ते मोकळे झाले. "बच्चा बड़ी मुश्किल से सोया है, बीबी को क्या बोलूँ? और पीछे वाले ने मेरा क्या बिगाड़ा? ट्रक में भी झटका केबिन में खा लेते हैं जी, माल तक नहीं जाने देते।"

म्हणजे बाईची सीट मागे आली ती याच्यापर्यंत, आणि तिथेच संपली. मग तात्यांच्या छातीवर बसलेली सीट निघाली कुठून?

तिसऱ्या ओळीत, गळ्यात फुगवलेली उशी घालून, एक साठीचे गृहस्थ जागेच होते. मराठीच निघाले, बँकेतून निवृत्त झालेले. तात्यांनी विचारताच तेही म्हणाले, "अहो, पुढच्यानं मागे घेतली ना."

"पुढची सरळ हाय, साहेब."

साहेबांनी हात लांब करून पुढची पाठ चाचपली. चष्मा लावून पाहिली. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बटण दिलंय की त्यांनी. आणि तिकिटाचे पैसे मोजलेत आपण."

"दिलंय की. एसटीतली घंटीची दोरीबी सगळ्यांच्या डोक्यावरनंच जाते."

साहेबांना हसू आलं. त्यांनी सीट वर घेतली, पूर्ण नाही, अर्धी.

गोष्टीत असतं तर इथून पुढे एकेक सीट टपाटप सरळ होत शेवटच्या ओळीपर्यंत गेली असती. तसं काही झालं नाही. चौथ्या ओळीतल्या माणसाला कळलंही नाही की त्याच्यापुढची जागा मोकळी झालीय, तो घोरत होता. त्रास मागे पाठवायला कुणाला जागं राहावं लागत नाही, तो आपोआप जातो. सुटका मात्र एकेकाला उठवून हातात द्यावी लागते, आणि रात्री दोन वाजता परक्या माणसाला उठवणं कंडक्टरलाही शोभत नाही. शिवाय तेवढ्यात विमान हलायला लागलं, पट्ट्याचा दिवा लागला आणि एअर होस्टेसनी तात्यांना गोड शब्दांत जागेवर पिटाळलं.

तात्या येऊन बसले आणि पुढच्या पोराला पाहिलेलं सगळं सांगितलं. सरदारजींचं विशेष सांगितलं. पोरगा गप्प ऐकत होता. एसटीतला शेवटचा बाकही तात्यांनी त्याला सांगितला. ती जागा मागच्या चाकांच्याही मागे येते, त्यामुळे प्रत्येक खड्ड्याला तिथला माणूस हातभर उडतो आणि पुढे बसलेल्याला रस्ता बरा वाटतो. म्हणून नवीन ड्रायव्हर आला की तात्या त्याला सुट्टीच्या दिवशी त्या बाकावर बसवून मलकापूरपर्यंत आणत. पुढच्या सोमवारी गाडी कशी चालते, ते पाहण्यासारखं असे.

पोरगा म्हणाला, "काका, मी सरळ बसतो रात्रभर. चालेल मला."

"तसं नको," तात्या म्हणाले. "तू उद्या उतरून कामावर जाणार, झोप तुलाबी पायजे. असं करू. दोन तास तू पाड, तेवढ्यात मी मागं उभा राहून पाय मोकळे करतो, चहा घेतो. मग दोन तास तू वर घे, मी डोळा मिटतो. भांडून कोण झोपलंय का?"

काकी खिडकीकडून म्हणाल्या, "डेपोत ड्युट्या लावायची सवय अजून गेली न्हाई."

ठरल्याप्रमाणे झालं, बरंचसं. एकदा पोरगा अडीच तास झोपला आणि तात्यांनी उठवलं नाही. ते मागे सामानाच्या कपाटांपाशी उभे राहून एका एअर होस्टेसशी बोलत होते. तिनं त्यांना चहा दिला, कागदी कपात, दोनदा. तात्यांनी तिला आपल्या मनातली शंका विचारली: जेवताना सीट सरळ करायची ते समजलं, पण उतरताना का? तेव्हा तर ताट नसतं समोर.

ती म्हणाली, काही अघटित घडलं तर विमान भराभर रिकामं व्हावं लागतं. नवीन विमान प्रवाशांसाठी मंजूर होतं तेव्हा त्याची परीक्षाच अशी असते: निम्मे दरवाजे बंद धरायचे आणि उरलेल्यांतून सगळी माणसं 90 सेकंदांत बाहेर काढून दाखवायची. तुमची सीट मागे असेल तर तुम्ही निघालच, अडकेल तो तुमच्या मागचा. खिडकीशी बसलेला तर हमखास.

"म्हणजे आपली सीट सरळ करायची ती मागच्यासाठी," तात्या म्हणाले.

"हो. पण तसं सांगितलं तर ऐकत नाहीत. म्हणून नियम आहे असं सांगतो."

न्यूअर्कला उतरताना सगळं विमान पाऊण तास सरळ पाठीनं बसलं होतं. कोणाची तक्रार नव्हती. बँकेतले साहेब बॅगा घ्यायच्या पट्ट्याशी भेटले आणि मान दुखत असल्याचं सांगून गेले. सरदारजी त्या बाईची बॅग उतरवत होते. पोरगा तात्यांची तेवीस किलोची बॅग उचलताना म्हणाला, "काका, यात काय दगड आहेत का?" काकींनी तिथल्या तिथे दोन लाडू त्याच्या हातावर ठेवले.

नातीला तीन महिने खेळवून तात्या परत निघाले, तेव्हा लेकीनं चूक सुधारायची म्हणून वेगळे पैसे भरून मधल्या ओळीतल्या सीटा घेतल्या. त्या मागे जाणाऱ्या होत्या. जेवणं उरकायच्या आधीच तात्यांचा अंगठा बटणावर गेला. तो तसाच ठेवून त्यांनी मान वळवून मागच्या बाईंना विचारलं, "पाडू का?" त्या म्हणाल्या, "पाडा की. फक्त माझं ताक पिऊन होऊ द्या."